आबाच्या पायातले बूट

आमाने चहाची किटली उचलली, तशी ग्याल्झेनने नेहमीसारखी मान खाली घातली.

घर माणसांनी भरून गेलं होतं. त्याची धाकटी बहीण ल्हामु, तिच्या मुलीला मागणी घालायला मुलाकडची मंडळी छांगेचं, घरी गाळलेल्या जवाच्या दारूचं, भांडं घेऊन आली होती. खिडकीकडच्या लांब बाकावर सगळे मानाप्रमाणे ओळीने बसले होते. चुलीशेजारची पहिली जागा तेवढी रिकामी होती, तिच्यावर एक जुना गालिचा अंथरलेला... ती आबाची, ग्याल्झेनच्या वडिलांची जागा. आबा गेल्यापासून तिथे कुणी बसलं नव्हतं. आणि ओळीच्या अगदी शेवटी, दाराजवळ, जिथे आल्यागेल्याच्या पायांबरोबर गार वारा आत शिरतो, तिथे या घराचा थोरला मुलगा बसला होता. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला, गावाबाहेरच्या कुरणावर एकटाच याक राखणारा ग्याल्झेन.

आमा एकेकापुढे थांबत होती. आमच्या खुंबूच्या डोंगरात पाहुण्याने पेल्यावर हात ठेवून नको म्हणायचं असतं आणि घरच्या बाईने तो हात बाजूला सारून ओतायचंच असतं. एकदा, दोनदा, तीनदा. सगळी माया त्या आग्रहातच असते, नाहीतर नुसत्या चहात काय आहे, लोणी आणि मीठ! "घे, घे, चिमणीएवढं काय पितोस," म्हणून ती व्याह्यांना दटावत होती. सत्तरी ओलांडली तरी आवाज खणखणीत होता. दाराजवळ आल्यावर मात्र तो आवाज बंद झाला. तिने ग्याल्झेनच्या पेल्यात चहा ओतला, एकदाच, आणि त्याच्याकडे न बघता ती वळली.

इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. तिने त्याला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी दाराबाहेर काढलं नाही. फक्त "घे" म्हणणं सोडून दिलं... आणि त्या एका शब्दावाचून ग्याल्झेनचं सगळं आयुष्य कोरडं गेलं.

तेवढ्यात अंगणात कुत्रा भुंकला आणि नुर्बू आत आला. नुर्बू गावातलाच. जगातल्या सगळ्यात उंच शिखराच्या, चोमोलुंग्माच्या पायथ्याशी हिमनदी कड्यावरून ढासळत खाली येते, तिथे दरवर्षी शिड्या आणि दोर बांधणाऱ्यांपैकी एक. तो बसला नाही. टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

"आमा, मन घट्ट कर," तो म्हणाला. "मोहिमांच्या तळाजवळ बर्फ वितळलाय. एक माणूस वर आलाय. जुन्या काळातला कोट आहे... डाव्या कानात पोवळं आहे, उजव्या कानात नाही."

ल्हामुचा हात आपसूक गळ्यातल्या माळेकडे गेला. उजव्या कानातलं पोवळं आबाने शेवटच्या मोहिमेवर निघताना तिच्या माळेत ओवून दिलं होतं.

आमाने किटली खाली ठेवली.

"पायात काय आहे त्याच्या?" तिने विचारलं.

घरातल्या सगळ्यांच्या नजरा हळूहळू दाराजवळच्या ग्याल्झेनकडे वळल्या.

"पाय दिसत नाहीत अजून," नुर्बू अडखळला. "कमरेपर्यंतच मोकळा झालाय. लामांना विचारल्याशिवाय आम्ही हात लावला नाही."

ग्याल्झेन उठून उभा राहिला. "मी पुढे होतो. तुम्ही आमाला घोड्यावरून थुक्लाच्या खिंडीपर्यंत आणा. मी आबाला तिथे घेऊन येतो."

"तू?" आमा म्हणाली. कित्येक वर्षांनी ती त्याच्याशी सरळ बोलत होती. "तूच का?"

"मुलगा आहे मी त्याचा."

"हे त्या दिवशी आठवलं असतं तर..." वाक्य तिने पुरं केलं नाही. ते ती कधीच पुरं करत नसे.

ग्याल्झेन बाहेर पडला तो मागे न बघता. पायाला बोटं नसलेल्या माणसाने जेवढं भरभर चालावं त्याहून तो भरभर चालत होता. बघणाऱ्यांना वाटलं असेल, बापाच्या ओढीने निघालाय. ओढ तर होतीच, पण घाई वेगळ्याच गोष्टीची होती. आमाच्या नजरेला पडायच्या आत त्याला ते पाय गाठायचे होते. कारण त्या पायांत बूट होते... ग्याल्झेनचे स्वतःचे बूट. आणि ते जर आमाने पाहिले, तर आयुष्यभर छातीशी दाबून ठेवलेलं सगळं एका क्षणात उघडं पडणार होतं.

आमच्या आज्या-पणज्यांपैकी कुणाला त्या शिखरावर पाय ठेवायची हौस नव्हती. देवीचं घर ते. खालून हात जोडावेत, आपले बटाटे लावावेत. हौस होती ती गोऱ्या साहेबांना. आधी ते पलीकडून, तिबेटच्या बाजूने आले, आणि इकडचे तरुण कामाच्या आशेने, साहेब माणसं भरती करत त्या दार्जिलिंगला पायी जाऊ लागले. तिबेटच्या बाजूलाच एकदा सात ओझेवाले एका दमात बर्फाखाली गाडले गेले; साहेब सगळे हातीपायी धड घरी परतले. आमाचे वडील त्या गोष्टी सांगत सांगतच म्हातारे झाले. पुढे वाट आमच्या दारावरून जाऊ लागली, शिखर सर झालं, जगभर गाजलं, आणि मग देशोदेशींच्या मोहिमांची रीघ लागली. शिखरावर कोण पोचलं ते जगाने लक्षात ठेवलं. कोण राहिलं ते थुक्लाच्या खिंडीत त्यांच्या नावाने रचलेल्या दगडांच्या राशींनी लक्षात ठेवलं, आणि आमच्या बायकांनी.

वर जायचं तर त्या ढासळत्या हिमनदीतूनच जावं लागतं. घराएवढे बर्फाचे चिरे रात्रीच्या गारठ्याने एकमेकांना धरून उभे असतात. ऊन लागलं की कुठला कधी सुटेल याचा नेम नाही. ऊन यायच्या आत तिथून निसटायचं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि आणखी एक रीत होती. मोहीमवाले प्रत्येक ओझेवाल्याला नवे कपडे, नवे बूट देत. ते कुणी घालत नसे! गेल्या मोहिमेचे जुने पायात चढवायचे आणि नवे घरी ठेवायचे. नामचेच्या बाजारात ते हातोहात खपत. यात चोरी नव्हती की लपवाछपवी नव्हती, घरोघरी हेच चाले. हुशार बायको तीच, जी नवे बूट नवऱ्याच्या पायात पडू देत नाही.

त्या साली ल्हामुच्या लग्नाची जेवणावळ तोंडावर आली होती. आमाने आबाचे नवे बूट माळ्यावर, जवाच्या पोत्यांमागे ठेवून दिले. "अगं, यांना अजून एक मोहीम सहज पचेल," जुन्या बुटांचा तळ चापटीने वाजवत आबाही हसला होता. ग्याल्झेन तेव्हा एकोणीस वर्षांचा, त्याची पहिलीच खेप. त्याच्याकडे जुने बूट नव्हतेच, म्हणून त्याला नवे घालावे लागले. लेक पहिल्यांदा वर चाललाय म्हणून आमाने लोकरीचे दोन पट्टे विणले, विजारीवरून गुडघ्याखाली आवळायला, बर्फ बुटात शिरू नये म्हणून. लाल आणि हिरवे. घाईघाईत एका पट्ट्यात हिरव्याच्या जागी निळा धागा गेला, तेव्हा ती स्वतःवरच चिडली होती. "राहू दे गं," ग्याल्झेन म्हणाला होता, "हरवला तर ओळखू तरी येईल."

शेवटचं ओझं वर टाकून बापलेक उतरत होते. हिमनदीच्या माथ्यावरच्या तंबूत सकाळी आबाने बूट चढवायला घेतला, तर तळ पुढून सुटून लोंबत होता. पाय लाकडासारखे पांढरे पडले होते. ग्याल्झेनने ते पाय आपल्या सदऱ्याच्या आत, पोटाशी धरले आणि चोळत राहिला. बाकीचे सगळे कधीच उतरून गेले. आबा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तू जा पोरा." ग्याल्झेन गेला नाही. पायांत जरा जीव आल्यावर त्याने आपले बूट काढले, आबाच्या पायांत चढवले, गुडघे टेकून दोन्ही पट्टे स्वतःच्या हाताने बांधले आणि वरून वारा अडवणारी जाड विजार ओढून दिली. आबाचे फाटके बूट दोरीने गुंडाळून त्याने आपल्या पायांत घातले.

"खाली गेलो की तुझे तुला," आबा म्हणाला होता. मग थोडं थांबून, "आणि हे आमाला सांगू नकोस हं. ती स्वतःला खाईल रे."

ते निघाले तेव्हा ऊन बर्फावर आलं होतं. चांगल्या बुटांमुळे आबा पुढे चालत होता, फाटक्या बुटांत ग्याल्झेन मागे रखडत होता. एकच आवाज झाला... पांढरा धुरळा उठला आणि खाली बसला, तेव्हा पुढे आबा नव्हता, वाटही नव्हती.

आठवड्याने त्याला पाठुंगळीवर घालून घरी आणलं. अंगणात उभ्या आमाने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"हे बूट त्याचे आहेत," ती म्हणाली. "तुझे कुठायत?"

आमा स्वतःला खाईल... बापाचा शेवटचा शब्द ग्याल्झेनच्या कानात घुमत होता. तो म्हणाला, "माझा एक बूट भेगेत पडला. आबाने त्याचे मला दिले. तो पायांना पोतं गुंडाळून चालत होता... म्हणून उशीर झाला."

"आणि तू घेतलेस?" आमा म्हणाली. "जन्मदात्याच्या पायातले बूट तू काढून घेतलेस?"

त्याने मान खाली घातली. ती तेव्हापासून खालीच राहिली. दवाखान्यात त्याची काळी पडलेली बोटं काढून टाकली, ते दुखणं त्यामानाने काहीच नव्हतं. ज्या मुलीकडे त्याच्या नावाने छांगेचं भांडं गेलं होतं, त्या घरून ते भरलेलंच परत आलं. बापाला अनवाणी सोडून आलेल्याला मुलगी कोण देणार? तो कुरणावरच्या दगडी खोपटात राहायला गेला. तिथे बोलायला याक होते. ते उत्तर देत नसत, पण तोंडही फिरवत नसत.

घरून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ग्याल्झेन तळावर पोचला. रंगीबेरंगी तंबूंचं गाव वसलं होतं, देशोदेशीचे लोक उन्हात बसून कॉफी पीत होते, डोक्यावरून हेलिकॉप्टर घरघरत होतं. त्या सगळ्यापासून दूर, दगड आणि बर्फ यांच्या मधल्या खोलगटात आबा होता. नुर्बूचे दोन सोबती राखणीला बसले होते.

"थोडा वेळ मला एकट्याला राहू द्या," ग्याल्झेन म्हणाला. ते निमूट उठले.

तो बापाच्या शेजारी बसला. चेहरा काळवंडला होता, पण ओळखू येत होता. कपाळावर एक सुरकुती नव्हती. ग्याल्झेनला एकदम जाणवलं, की आपण आता याच्यापेक्षा म्हातारे आहोत, आणि इतकी वर्षं न आलेलं रडू त्याला आलं.

"आबा, मी सांगितलं नाही हं," तो म्हणाला. "कुणालाच नाही. पण फार एकटं वाटलं रे... फार."

मग त्याने डोळे पुसले आणि कुऱ्हाडीने बर्फ फोडायला घेतला. सावकाश, पायांना धक्का न लावता. बूट दिसले. चामडं फुगून दगडासारखं झालं होतं. त्याने सुरीने नाड्या कापल्या, चामडं चिरलं, एकेक बूट मोज्यासकट ओढून काढला. ज्या बुटांनी त्याच्यावरचा कलंक पुसला असता, ते त्याने हातात तोलून पाहिले... क्षणभर मोह झाला. एकदा तरी तिने आपल्याकडे सरळ बघावं, एकदा तरी "घे" म्हणावं! आणि पुढच्याच क्षणी त्याला माळ्याकडे डोळे लावून बसलेली म्हातारी आमा दिसली. त्याने दोन्ही बूट जवळच्या भेगेत सोडून दिले. खाली आपटल्याचा आवाजही आला नाही. आपल्या गळ्यातला पंचा त्याने त्या उघड्या पायांना गुंडाळला आणि सोबत्यांना हाक मारली.

थुक्लाच्या खिंडीत वारा सुटला होता. दगडांच्या राशींवरच्या पताका फडफडत होत्या. सुवासिक धुपीच्या झाडाच्या ओल्या फांद्यांचा धूर लामांच्या मंत्रांबरोबर खाली दरीत उतरत होता. आमा घोड्यावरून उतरून ल्हामुच्या खांद्याला धरून उभी होती. खाली ठेवलेल्या देहाकडे ती चालत आली, बसली, चेहऱ्यावरून हात फिरवला.

"मला त्याचे पाय बघू दे," ती म्हणाली.

"आमा, नको ना," ल्हामु म्हणाली.

"बघू दे."

तिने पंचा सोडला. पाय उघडे होते.

"अनवाणी," ती पुटपुटली. "खरंच अनवाणी गेला." आणि तिने मान वर करून ग्याल्झेनकडे पाहिलं. तीच नजर... ग्याल्झेनने ती खाली मान घालून झेलली. ठरवल्याप्रमाणे सगळं झालं होतं.

आमाने कमरेचं पट्ट्यापट्ट्यांचं आडवस्त्र सोडलं. नवऱ्याचे पाय त्यात गुंडाळायला तिने ओली, सैल झालेली विजार जरा वर सारली, आणि तिचा हात थबकला. गुडघ्याखाली लोकरीचा पट्टा आवळलेला होता. तिने तो बोटांनी चाचपला. लाल. हिरवा. मग निळा.

पट्टे ग्याल्झेन विसरूनच गेला होता.

"ल्हामु, हा कुणाचा पट्टा?" आमाने विचारलं. ल्हामु वाकून बघू लागली. आमाने दुसऱ्या पायाची विजार वर केली. तिथेही होता. "आणि ही गाठ बघ. अशी उलटी गाठ घरात हा ग्याल्झेन एकटाच मारायचा. शंभरदा शिकवली तरी उलटीच मारायचा."

"आमा," ग्याल्झेन म्हणाला, "आबाने मागितले होते माझ्याकडून. थंडी होती म्हणून..."

"खोटं बोलू नकोस. पोतं गुंडाळलेल्या पायावर हे कुणी बांधतं? हे बुटासाठी असतात, मीच विणलेत." तिचा आवाज खाली आला. "बूट कुठायत, ग्याल्झेन?"

त्याने वर, हिमनदीकडे पाहिलं.

"कुठे टाकलेस?"

"भेगेत," तो म्हणाला.

"कशाला?"

उत्तराची गरजच नव्हती. आमाच्या चेहऱ्यावरून सगळं एकेक करून सरकत होतं: लेकाचे नवे बूट बापाच्या पायांत, बापाचे फाटके बूट लेकाच्या पायांत, तुटलेली बोटं... आणि माळ्यावर, जवाच्या पोत्यांमागे...

"त्याच्या बुटाचा तळ आधीच, वरच गेला होता का?" तिने विचारलं.

"आमा, जाऊ दे आता."

"गेला होता का?"

"हो."

ती रडली नाही. तिने नवऱ्याच्या पायांवर हात ठेवला. मग बोलली, कुणाला ऐकू जावं न जावं अशा आवाजात.

"ते बूट अजून माळ्यावर आहेत रे. विकवले नाहीत मला. दर वर्षी जव काढायला वर जायचे आणि पोत्यांमागे न बघता उतरायचे. मनात यायचं, हेच पायात असते तर... आणि मग मी तुझ्याकडे बघायचे. तुझ्यावर राग धरला की मला तिकडे बघावं लागत नसे." तिने ते आडवस्त्र मुठीत चुरगाळलं. "माझं पाप मी तुझ्या पायात घातलं, पोरा. आणि तू ते घालून एवढी वर्षं चाललास..."

"आबा म्हणाला होता, सांगू नकोस. तू स्वतःला खाशील म्हणून."

"तो म्हणाला. आणि तू ऐकलंस." ती रडू लागली. "आधी कधी कुणाचं ऐकायचास रे तू..."

ग्याल्झेन तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तिने हात पुढे करून त्याचे बूट काढले, मोजे काढले, आणि बोटं नसलेली ती आखूड पावलं आपल्या मांडीवर घेतली. आबाचे पाय आडवस्त्रात गुंडाळायचे राहिले होते, ते ल्हामुने गुंडाळले. लामांनी मंत्र थांबवले नव्हते. मग आबाला चितेवर ठेवलं, धुपीच्या फांद्यांवर तूप पडलं आणि त्यांनी पेट घेतला.

दिवसकार्य उरकेपर्यंत घरात गावाची वर्दळ होती. शेवटच्या दिवशी सगळे जमले, मानाप्रमाणे ओळीने बसले. ग्याल्झेन सवयीने दाराजवळ टेकला. आमा किटली घेऊन आली, त्याला पाहिलं आणि थांबली.

"तिथून ऊठ," ती म्हणाली.

त्याला वाटलं, काही चुकलं. तो उठला. आमाने त्याचं मनगट धरलं आणि सगळ्या ओळीपुढून, बसलेल्यांचे गुडघे ओलांडत, त्याला चुलीशेजारी आणलं. जुन्या गालिच्यावरची धूळ हाताने झटकली.

"आमा, ही आबाची जागा आहे."

"त्याला विचारलंय मी. बस."

तो बसला. चुलीची धग गुडघ्यांना लागत होती. इतकी ऊब घरात असते हे तो विसरला होता. आमाने त्याच्या पुढ्यात पेला ठेवला आणि काठोकाठ भरला. त्याने घोट घेतला. तिने पुन्हा भरला. त्याने खाली मान घालून आणखी एक घोट घेतला. आमा किटली हातात घेऊन उभीच होती.

"अरे, नको म्हण ना," ती म्हणाली. तिचा खणखणीत आवाज पार चिरकला होता. "पेल्यावर हात ठेव. तू नको म्हटल्याशिवाय मी आग्रह कसा करू?"

ग्याल्झेनने हात उचलला. सवय मोडलेली, त्यामुळे तो अवघडल्यासारखा पेल्यावर ठेवला. "नको, आमा," तो कसाबसा म्हणाला.

आमाने तो हात आपल्या सुरकुतलेल्या हाताने धरून बाजूला सारला आणि किटली वाकवली.

"घे," ती म्हणाली. "घे रे बाळा, घे..."